मांजरीचा बल्ब

मुक्काम जठारपेठ, अकोला
मंगळवार, दुपारची जेवणं झाल्यावर

प्रिय आयशाबी हिला,

शालूचा जय भीम आणि सलाम, दोन्ही. मी इकडे ठीक आहे, म्हणजे गुडघा सोडून बाकी सगळी ठीक आहे. तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली का? थेंब वेळेवर घालत जा. गॅससमोर उभी राहू नको, आणि टीव्हीवर कुणाची सून छळली गेली तर रडू नको. त्या बाईला रडण्याचे पैसे मिळतात, तुझं ऑपरेशन फुकट जाईल. तुमच्या गयासभाईंच्या मनगटावरचा ओरखडा वाळला का तेही कळव. त्यांनी आमच्या मांजरीला पिशवीत घालायला मदत केली, हा त्यांचा चांगुलपणा. मांजरीने त्याची जी परतफेड केली त्यात माझा काही हात नाही.

हे पत्र नाजिया तुला वाचून दाखवील. (नाजिया बेटा, तू मराठी शाळेत शिकलीस, तुझं वाचन स्वच्छ आहे. कंसातलं मात्र मनात वाचायचं. ते तुझ्या सासूसाठी नाही.) तू म्हणशील, फोन सोडून ही पत्र काय लिहीत बसली. पण आयशाबी, मला बोलायचं आहे ते आक्काबद्दल, आणि इथे फोन लावला की आक्का शेजारी येऊन बसते. आक्का म्हणजे पार्वताबाई, आमच्या यांची थोरली बहीण, तू तिला हे गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पाहिलं आहेस. उंच, जाड चष्म्याची, सगळ्यांना खीर वाढत होती ती. तिचे कान असे आहेत की शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर ही इथून सांगते. तिच्यासमोर तिच्याबद्दल काय बोलणार?

आधी बातमी सांगते. छबूला मी अकोल्यात आक्काकडे ठेवते आहे आणि रविवारच्या गाडीने एकटी पुण्याला स्वप्निलकडे जाते आहे. ठरलं. मी आता मोकळी झाले. माझं अमरावतीचं घर भाड्याने घ्यायला ते मास्तर बघायला आले तर त्यांना दाखव, नळाला पाणी कधी येतं ते खरं सांग. तू म्हणशील, शालू खुश असेल, एवढी वर्षं त्या मांजरीच्या नावाने बोटं मोडत होती. आहेच खुश. इतकी खुश आहे की चार दिवस झाले, मला जेवण जात नाही.

नाजियाला माहीत नसेल म्हणून थोडं मागचं सांगते, तूही पुन्हा ऐक. आमचे हे एसटीत कंडक्टर. दिवसभर अमरावती-परतवाडा गाडीत 'पुढे सरका, पुढे सरका' करून माणूस घरी यायचा तो तोंड बंद करूनच. माझ्याशी बोलणं म्हणजे 'चहा', 'टॉवेल', 'उद्या सकायची डूटी हाय'. स्वप्निल घरात होता तोवर त्याच्याशी तरी चार शब्द बोलायचे. तो पुण्याला नोकरीला गेला, आणि पुढच्याच महिन्यात हे डेपोतून एक मांजरीचं पिल्लू घेऊन आले. कातडी बॅगेत घालून. बॅगेतून आधी तिकिटाचा पंच निघाला, मग तिकिटांचा गठ्ठा, मग छबू. नाव त्यांनीच ठेवलं. छबू! माझं नाव त्यांच्या तोंडून मी सगळ्या संसारात एकदाच ऐकलं, रेशनच्या दुकानात, आणि तेही तिथल्या माणसाने कार्डावरची बाई कोण म्हणून विचारलं तेव्हा.

आणि मग सुरू झालं. घरात पाऊल टाकलं की, 'छबू, जेवली का वं?' उन्हाळा लागला की, 'छबू, उन्हात जाऊ नोको वं, डोकं दुखते मंग.' मी तिथे उभी, हातात पाण्याचा तांब्या, आणि हा माणूस बूट सोडता सोडता मांजरीची डोकेदुखी काढतो आहे. लोक याला सवत म्हणतात. मी म्हणत नव्हते, कारण सवतीला निदान भाजी निवडायला बसवता येतं. एकदा ती भिंतीवरून पडून दोन दिवस लंगडली. ते बरं झालं, पण यांची चौकशी थांबेना. 'छबू, गुडघा कसा हाय? पायऱ्या चढू नोको जास्त.' असं वर्षभर. शेवटी मीच तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तिचे चारही पाय ओढून पाहिले, तिने त्याचा हात फाडला, आणि मी माझा दुखरा गुडघा घेऊन पायी घरी आले. त्याच संध्याकाळी यांनी औषधाच्या दुकानातून मलमाची नळी आणून फळीवर ठेवली, आणि तिलाच म्हणाले, 'लावत जाय वं रोज.' मी काही ती नळी उघडली नाही. मांजर अंग चाटतं, मलम पोटात गेलं असतं तर आळ माझ्यावर आला असता.

आणि तो बल्ब. तुला आठवत असेलच. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला टेकून मी वाचायला बसते तो कोपरा. (नाजिया, मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. किराण्याच्या पुड्या सोडवल्या की त्या कागदांवरची अक्षरं जुळवायचे, तिथून विहारातल्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोचले. आता कपाट संपलं आहे, पुन्हा पहिल्यापासून वाचते.) त्या कोपऱ्यात माझ्या पायाशी छबूही पडलेली असायची, माझ्याकडे पाठ करून. एका रविवारी यांनी काही न बोलता वायर ओढली, होल्डर ठोकला, बल्ब लावला, आणि खाली वाकून तिला म्हणाले, 'आता दिसन बरोबर. उगी डोये फोडत बसते.' मी तशीच पिठाच्या हाताने तुझ्याकडे आले होते. म्हटलं, आयशाबी, मी शिकलेली नाही, पण मांजराला अंधारात दिसतं एवढं मलाही समजतं, आणि हा नोकरीतला माणूस मांजरीसाठी बल्ब लावतो! तू पोट धरून हसलीस. 'अगे शालू, बिल्ली को बत्ती कौन लगाता बापा!' त्यानंतर कितीतरी दिवस गयासभाई मला दिसले की विचारायचे, भाभी, बिल्लीचा पेपर वाचून झाला असला तर इकडे द्या.

मग हे गेले. डूटीवरून आले, बूट काढले, खुर्चीवर बसले ते बसलेच. ते काही मी पुन्हा लिहीत नाही, तूच तेव्हा धावत आली होतीस. पण त्यानंतर ती खुर्ची छबूने घेतली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही सगळे खाली चटईवर, भन्तेजी पाटावर, आणि ही खुर्चीत. येणारं माणूस आधी तिच्याकडे बघायचं आणि 'बिचारी' म्हणायचं. बायको मी, आणि सांत्वन तिचं. बल्ब मागच्या हिवाळ्यात गेला, तो मी बदलला नाही. लावणारा राहिला नाही, आणि जिच्यासाठी लावला तिला अंधारात दिसतं. मी हल्ली दारात बसून उजेड आहे तोवर वाचते.

आता प्रवास. स्वप्निल आणि रश्मी गाडी घेऊन मला न्यायला आले ते तू पाहिलंस. आमच्या सूनबाईने पुण्याहून मांजरासाठी खास पिशवी आणली होती. पाठीवर टाकायची, आणि पुढे काचेसारखा गोल फुगा, त्यातून मांजराने बाहेरची शोभा बघत जायचं. जणू छबू चंद्रावर निघाली आहे. पिशवीचं तोंड दिसताच छबूने चारही पाय ताणले. उघडलेली छत्री उशीच्या खोळीत घालून बघ, म्हणजे तुला कळेल. त्यात गयासभाई पुढे झाले, त्याचं वर लिहिलं आहे. शेवटी मी आत गेले आणि कपाटातून यांचा खाकी शर्ट काढला. (नाजिया, हे मनातच वाच. तो शर्ट मी धुतलेला नाही. कपाट उघडलं की नुसता हात लावते आणि पुन्हा बंद करते.) तो भाजीच्या टोपलीत अंथरला आणि वळून पाहते तर छबू टोपलीत, खिशावर हनुवटी ठेवून, डोळे मिटून. मी ज्या शर्टाला दोन वर्षं जपून हात लावत होते, त्यावर ही पहिल्या मिनिटाला लोळली. मी टोपलीवर ओढणी बांधली. जरा घट्टच बांधली.

बडनेऱ्याचा पूल उतरेपर्यंत सगळं शांत होतं. मग तिने तोंड उघडलं. एसटीचा हॉर्न कधी कधी अडकून बसतो आणि ड्रायव्हर खाली उतरला तरी वाजत राहतो, ठाऊक आहे ना, तसा आवाज. रश्मीने मोबाइलवर मांजरांना शांत करणारं संगीत लावलं. असं संगीत निघालं आहे म्हणे. ते ऐकून छबू तशीच ओरडत राहिली आणि स्वप्निलला पेंग यायला लागली, आणि गाडी तोच चालवत होता. संगीत बंद केलं. मग रश्मी म्हणाली, आई, तिच्याशी बोला, ओळखीचा आवाज ऐकून जनावरं शांत होतात. मी म्हटलं, माझं आणि तिचं बोलणं नाही. स्वप्निल आरशातून माझ्याकडे बघून हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. लोणीच्या पुढे ती एकदम गप्प झाली, म्हणून आम्ही हायसं वाटून घेतलं, तर ती ओढणीच्या फटीतून मान काढून रश्मीच्या पर्समध्ये ओकली होती. काय ओकली ते पाहिल्यावर कळलं की निघताना आक्कासाठी बांधून घेतलेल्या, दह्यातल्या गिल्या वड्यांचा डबा कोणीतरी उघडला होता.

पर्स धुवायला मूर्तिजापूरच्या अलीकडे एका हॉटेलापाशी थांबलो. दार उघडताच छबू टोपलीतून सीटखाली, तिथून पुढे, आणि पेडलांच्या मागे जी खोबण असते तिथे जाऊन बसली. ब्रेक दाबला तर मांजर दाबलं जाणार. गाडी जागची हलेना. मग माणसं जमली, आणि जमलेला प्रत्येक जण मांजरातला जाणकार. एकाने सांगितलं, हॉर्न वाजवा. वाजवला, तर ती आणखी आत गेली. दुसऱ्याने कुठून तरी सुकट आणली. ती कुत्र्याने खाल्ली, आणि मग तो कुत्राही सल्ला देणाऱ्यांत येऊन उभा राहिला. एक जण स्वप्निलला म्हणाला, 'भाऊ, मांजर रस्त्यात आडवं गेलं तं लोक गाडी थांबोतात. तुमचं तं गाडीतच आडवं पडलं. घरी वापस जा.' आमच्यात असलं काही मानत नाहीत, हे स्वप्निलने त्याला चांगलं सुनावलं. पण गाडी थांबलेलीच होती, त्यामुळे बोलण्यात जोर येईना.

शेवटी हॉटेलवाला नत्थुजी आला. भज्याचा झारा हातात तसाच. वाकून पाहिलं आणि मला म्हणाला, 'बाई, हिचा मालक कोन हाय? त्यायले बोलवा.' स्वप्निल दुसरीकडे बघायला लागला. मी म्हटलं, ते नाहीत. नत्थुजी थोडा वेळ झाऱ्यातलं तेल निथळू देत उभा राहिला. मग म्हणाला, 'मंग ते जसे बोलत, तसं बोलून पाहा.' मी त्या गुडघ्यावर कशीबशी वाकले. पण आयशाबी, ते माझ्या तोंडून निघेना. तसं बोलणं मी रोज ऐकलं होतं, बोलले कधीच नव्हते. मी आपलं माझ्याच आवाजात म्हटलं, 'छबू, ये.' तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं सुट्टे नसलेल्या प्रवाशाकडे कंडक्टर पाहतो. मग मी तो शर्टच पेडलाजवळ टाकला, आणि ती त्यावर आली. माझ्यासाठी नाही, शर्टासाठी आली, हे तिथल्या कुत्र्यालाही कळलं असेल.

तर अशा थाटात आम्ही अकोल्यात शिरलो. इथे एक रात्र थांबून सकाळी पुण्याला निघायचं असं ठरलेलं. आक्काच्या दारात टोपली ठेवली, रश्मी पर्स उन्हात घालायला गेली. तेवढ्यात आक्काने आतूनच हाक दिली, 'आली का वं?' तू आक्काचा आवाज नीट ऐकलेला नाहीस. यांचाच आवाज, फक्त लुगड्यातला. मी दारात थबकले. मी थबकेपर्यंत छबू टोपलीतून निघून, पुढची खोली, मधली खोली ओलांडून, आक्काच्या मांडीवर जाऊन बसलेली. मांडीवर, आयशाबी! इतकी वर्षं मी तिचं दूध बघितलं, तिची घाण काढली, तिच्या मेलेल्या चिमण्या उचलल्या, आणि माझ्या मांडीला तिने कधी पंजा लावला नाही. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणते, 'मोठी गुनाची हाय वं.' मी म्हटलं, हो, फार.

सकाळी निघायच्या वेळी ती धान्याच्या कोठीमागे गेली ती बाहेर येईना. स्वप्निलची रजा संपलेली. तो आणि रश्मी एकमेकांकडे पाहून इतके आनंदले की मला त्यांची दया आली. 'आई, हिले इथंच राहू दे, आत्याले सोबत होईन. तू चार दिवस आराम कर अन् रविवारच्या गाडीनं ये.' गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि छबू कोठीमागून निघून आक्काच्या मांडीवर. तेव्हापासून मी हे बघते आहे. आक्का तिला माशाची मुंडकी घालते. आक्का तिच्याशी तासन्‌तास बोलते, आणि ती कान उभे करून ऐकते. मी समोर बसून लसूण सोलते. आक्काकडे एवढा लसूण कशासाठी लागतो कोण जाणे, मला वाटतं माझ्या हाताला काम म्हणून तीच आणते.

आता कालचं सांगते, त्यासाठीच हे एवढं लिहिलं. दुपारी आक्का ओट्यावर, छबू तिच्या मांडीवर, मी शेजारी. आक्का छबूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, 'गाडीत बसू बसू गुडघा आखडला वाटते तुहा. अजून उतरला नाई. जाय, आत जाऊन पड जराशी.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, 'आक्का, तिचा गुडघा चांगला हाय. डॉक्टरनं पाह्यला हाय. ते सारा रस्ता शर्टावर लोयत आली. आखडला तो माहा.'

आक्काने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'मंग मी कोनाले म्हणून राहिली? मांजरीले गुडघा पुसू का मी?'

मी लसणाची वाटी पुढ्यात ओढली. आक्काच म्हणाली, आणि अगदी साधेपणाने म्हणाली, जसं भाजीत मीठ किती टाकायचं ते सांगावं. आमच्या घरात हे असंच. बा आईशी तोंडाने फक्त भाकर आणि पाणी मागायचा. अंगणात सासू, सासरा, दीर, जावा. बायकोची विचारपूस केली तर तो माणूस बायकोच्या ताटाखालचं मांजर ठरे. मग बा बकरीच्या गळ्यात हात टाकून बकरीला विचारायचा, ताप उतरला का वं, काढा घेतला का? आई चुलीपाशून सांगायची, घेतला. बकरी विकली तेव्हा आई दोन दिवस रुसली होती, आणि बाने तिसऱ्या दिवशी दुसरी आणली. 'आमी भावंडं तसंच शिकलो. कामाचं तोंडावर, मायेचं जनावरापाशी. तुले लग्न होऊन एवढे वर्स झाले, अन् तुले मालूम नाई?'

कसं माहीत असणार? माझं माहेर धामणगाव रेल्वे. बाजूला रूळ, वर मालगाड्यांचा खडखडाट, तिथे माणूस ज्याच्याशी बोलायचं त्याच्या तोंडावर आणि ओरडून बोलतो, नाही तर ऐकूच जात नाही. माझा बाप माझ्या आईला 'तुह्या हातची भाजी मस्त झाली' असं शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल इतक्या जोराने सांगायचा. मला काय ठाऊक की दुसऱ्या एका घरात हेच बकरीला सांगतात.

मी लसूण सोलत राहिले. थोड्या वेळाने आक्का म्हणाली, 'वं, पाकया कचऱ्यात टाकून राहिली तू, अन् सालं वाटीत.'

आयशाबी, 'जेवली का वं?' हे तर रोजचं होतं. आणि मी आतून दर वेळेला ओरडून सांगायचे, 'जेवली, दूधपोळी देली!' मग मी भांडी घासून, दुसऱ्या दिवशीची कणीक मळून, सगळ्यांच्या मागून कधी तरी जेवायचे. तिकडे खुर्चीवर त्या माणसाला वाटायचं, जेवली. मांजर ढोलकीसारखी झाली ती उगाच नाही. आणि ते उन्हाचं. डोकं मला उन्हानेच दुखतं. मलमाच्या नळीचं तर आता बोलायलाच नको. स्वप्निल पुण्याला गेला आणि पुढच्याच महिन्यात हे मांजर घेऊन आले ते का, हेही मला कालच कळलं. तोवर निरोप सांगायला पोरगा होता. 'स्वप्न्या, आईले पूस डोकं दुखते का.' पोरगा गेला, मग काय करतील?

तुला वाटेल आता माझा राग निवला. उलट वाढला आहे. आधी वाटायचं, हे तिच्याशी बोलतात. आता कळतं की हे माझ्याशी बोलत होते आणि ऐकलं तिने. इतकी वर्षं माझं टपाल तिच्या पत्त्यावर येत होतं आणि ती ते खाली घालून झोपली. मी काल संध्याकाळभर तिच्याकडे बघत होते. तिच्या कानात काय काय पडून असेल! मी पाणी भरायला गेलेली असताना, विहारात गेलेली असताना हे तिला काय काय म्हणाले असतील, ते मला कधीच कळायचं नाही. आणि ती ते सगळं घेऊन आक्काच्या मांडीवर बसली आहे. आक्काला सगळं सांगितलं मी, बल्बाचं तेवढं सांगितलं नाही. सगळंच कशाला सांगायचं? आवाज तिच्याकडे आहे, मांजर तिच्याकडे आहे. एक बल्ब माझ्याकडे राहू दे.

असो. कागद संपत आला. रविवारी मी पुण्याला. रश्मीने माझ्यासाठी खिडकीची खोली काढली आहे म्हणते, सातवा मजला. छबू इथे सुखी आहे, आक्काला एकटीला सोबत झाली, तिचेही दिवस जात नव्हते. ज्याचं त्याला मिळालं. डोळा जप. गयासभाईंना सलाम, नाजियाच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरव.

तुझी,
शालू

ता. क. बुधवार सकाळ. पाकीट डकवायचं राहिलं ते बरं झालं. चहा पिताना मी छबूला म्हटलं, 'छबू, आक्काले सांग, मी तुले संगं घेऊन जाऊन राहिली.' ते अचानकच निघालं, आणि बरोबर निघालं, त्या तऱ्हेने. आक्काने बशी खाली ठेवली आणि छबूला म्हणाली, 'शालूले पूस वं, सातव्या मजल्यावर तुले खुर्ची भेटन का? अन् तिथं कोन बोलन तुह्यासंगं? ते दोघं तं दिवसभर हापिसात.' मी म्हटलं, 'छबू, सांग तिले, सातव्या मजल्यावर जाते कोन? आपल्या घरी चालली मी.' आणि मग मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं. छबू दोघींकडे आळीपाळीने बघत होती. एवढं काम तिला यांच्या वेळीही नव्हतं. मग आक्का छबूच्या कानामागे खाजवत म्हणाली, 'जाय बापा. पन घर मोठं लागते मंग एकटीले. येत जाय मधा मधात.' आयशाबी, या वेळेला मी चुकले नाही. मी म्हटलं, 'येईन, आक्का.'

दुसरा ता. क. म्हणून मास्तरांना घर दाखवू नको. नाही म्हणून सांग. त्यांनी फार आग्रह धरला तर नळाला पाणी कधी येतं ते सांग, आपोआप जातील. स्वप्निलला मी कळवते. शुक्रवारच्या एसटीने येईन, मांडीवर टोपली घेऊन. मांजरीला तिकीट पडतं का ते कंडक्टरला विचारणार नाही. कंडक्टरची बायको आहे मी, मला नियम ठाऊक आहेत. शर्ट टोपलीतच राहील, पण खिशाची बाजू माझ्याकडे.

शेवटचं. (नाजिया, हा कंस सोड आणि पुढचं मोठ्याने वाच.) माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे. फळीवर मलमाची एक नळी असेल, तारीख गेली असली तरी टाकू नको. आणि तांदळाच्या डब्यावर जो होल्डर आहे, त्यात मी यायच्या आत एक बल्ब लावून ठेव. गयासभाईंना स्टुलावर चढवू नको, त्यांना चक्कर येते. पिवळा आण, पांढरा नको. ते हसतील, विचारतील, बिल्लीला बत्ती कशाला. त्यांना म्हणावं, भाभीने कळवलं आहे, आमच्या मांजरीला अंधारात दिसत नाही.